चौथी ओळ

गाणं आमच्याकडे कुणी कुणाला शिकवलं नाही.
भांडी विसळता विसळता आई वरचा सूर सोडायची
आणि आम्ही त्याच्याखाली शिरायचो,
डिसेंबरात एका गोधडीत शिरतात तसं:
झेल्फी मधे, मी कडेला,
आर्विल पार तळाशी, जिथे पाय गार पडतात.

केंटकीतल्या आमच्या खोऱ्यात ऊन दहाला उतरतं
आणि तीनच्या सुमारास पाठ फिरवतं.
मग लांबलचक संध्याकाळ, चूल, आणि बाबांचा बँजो.
त्याला आपल्याच जुन्या मांजरीचं कातडं लावलंय
असं बाबा शपथेवर सांगत.
आम्ही बँजोला मांजरीच्याच नावानं हाक मारायचो.

आर्विल अठराव्या वर्षी खाणीत उतरला.
"याचा खर्ज तर आधीपासूनच जमिनीखाली," आई म्हणाली,
"आता हाही गेला त्याच्यामागं."
आणि मक्याच्या पावाचं पीठ
जरा जास्तच वेळ घोटत राहिली.

नावाड्याच्या गाण्यात चौथी ओळ लांब आहे.
मुलगी या काठावर, पैलतीरी दिवा,
आणि मधली सगळी नदी एका दमात ओलांडायची.
वीस वर्षं आर्विलनं ती ओलांडली.
एका रविवारी मधेच बुडाला.
तोंड उघडं, आवाज नाही.

कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.
झेल्फी आपली जागा सोडून खाली उतरली,
दोन मात्रा त्याचा सूर तिनं उचलून धरला,
तो वर आला तशी निमूट परत गेली.
पुढच्या रविवारी मी गेले.
त्याविषयी बोलणं असं झालंच नाही.
धारा कुणी काढायच्या यावरून घसे फोडणारी माणसं आम्ही;
श्वासाच्या पाळ्या तेवढ्या न भांडता लागल्या.

कंपनीचा डॉक्टर म्हणाला, सिगारेट सोड.
आर्विलनं जन्मात सिगारेट ओढली नव्हती.
"म्हणजे आधी सुरू करावी लागणार," तो म्हणाला.

मग कॉलेजातून एक मुलगा आला, यंत्र घेऊन.
कानांना डबे लावून पायरीवर बसला.
गाणं संपलं तरी बराच वेळ बोलेना.
मग म्हणाला, चौथ्या ओळीत खर्ज एकाएकी गळतो
आणि मधला आवाज त्याच्या जागी उतरतो,
असं या डोंगरांत मी कुठेच ऐकलं नाही.
हे आलं कुठून? समुद्रापलीकडून? स्कॉटलंडमधून?

झेल्फीनं पापणी हलवली नाही.
"फार जुनं आहे बाबा. फार खोलातून आलंय."

आर्विल इतका हसला
की त्याला धरून खिडकीशी न्यावं लागलं.
यंत्र चालूच होतं.
ते हसणं कुठल्यातरी फितीवर आहे अजून,
आणि त्याच्या पाठोपाठचं, तेही.

आता खर्ज त्याचा नातू लावतो, जॅरेट.
सोळा वर्षांचा, छाती घोड्याची,
एका दमात दोन नद्या ओलांडेल.
तरी चौथ्या ओळीत, नेमका त्याच ठिकाणी, गप्प होतो.
मी सांगणारच होते त्याला,
पोरा, तिथे थांबायचं नसतं, तिथे तुझा आजोबा...
झेल्फीनं टेबलाखाली माझा पाय दाबला.

मला एक्क्याऐंशी लागलं.
तळघरातल्या बरण्या आता दुसरं कुणी आणतं,
माझ्याच्यानं जिना उतरवत नाही.
ती जागा आली की मात्र उतरते.
दोन मात्रा.
मग तो येतो.