बुगडीच्या गळ्यात अंडं

पाय प्लास्टरात,
आणि अंडं उबायला लागतात दहा किलोमीटर.
खेळाचा नियम साधा: चाललात तर फुटेल.
मी तर मोरीपर्यंत जातो
तेही भावाचा खांदा धरून.

आधी फोन पंख्याच्या पात्याला बांधला.
पंखा फिरला, किलोमीटर नाही.
खेळाला कळतं म्हणे,
माणूस जागचा हलला की नुसताच गरगरला.

केराबाई चालल्या होत्या दारावरून,
अकरा शेळ्या घेऊन, बालाघाटाच्या उताराला.
म्हटलं, मावशी, हा फोन एखादीच्या गळ्यात बांधता का?
त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही.
विचारलं, "जड हाय का?"

काळीकुळकुळीत शेळी, दोन्ही कानांवर पांढरे ठिपके,
म्हणून नाव बुगडी.
तिच्या गळ्यात, दुधाच्या पिशवीत गुंडाळून,
लेंग्याच्या नाडीनं बांधलेलं माझं अंडं
सकाळी आठला रानात गेलं.

दिवसभर मी पत्र्याचे खिळे मोजले.
आता हिवराखाली असेल.
आता पाझर तलावाच्या भिंतीवर.
आता बुगडी मागच्या दोन पायांवर उभी,
बोरीचा शेंडा ओढतीय,
आणि माझं अंडं हवेत लोंबतंय.

दिवेलागणीला फोन परत आला.
पिशवीला काटे, काचेवर लाळ.
अकरा किलोमीटर, चारशे मीटर.
अंडं फुटलं होतं तीन वाजून सहा मिनिटांनी,
बघायला कुणी नसताना.

केराबाई उंबऱ्यावर टेकल्या.
"नर का मादी?"
मादी.
"आई कोण? बाप कोण?"
मी दाखवली सगळी वंशावळ:
आईकडून जाळ, बापाकडून खवले,
आजोबाची शेपूट मधेच कुठंतरी गळालेली.
"जुळं देती का?"
नाही मावशी, एका खेपेला एकच.
"मग रं कशाला पाळतूस?"

म्हटलं, एकतीसपैकी एकतीस गुण हवेत.
त्यासाठी तेच तेच जोडपं पुन्हा पुन्हा,
लेकीला बाप, बहिणीला भाऊ, काही बिघडत नाही.
"बिघडतंय," त्या म्हणाल्या,
"तुला दिसंना झालंय."

मग त्यांचं बोट लागलं आणि कोठार उघडलं.
एकासारखे एक, एकोणचाळीस,
सगळे माझ्याकडं बघत उभे.
"ही कुणाची?"
माझीच. कमी पडलेली. सोडून द्यायचीत.
"कुठं?"

दाबून दाखवलं.
त्यानं हात हलवला, पडद्यावर अक्षरं आली:
तो आनंदानं रानात निघून गेला.

केराबाई बराच वेळ गप्प.
पदरानं काच पुसली, पुन्हा पाहिलं.
"रानात तर मीच व्हते दिवसभर.
तिथं कुणी आलं न्हाई."

उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या,
"मी बी बोकडं इकते की.
दावं तेवढं माघारी आणते.
पण कुणाला दिलं, कितीला दिलं, ध्यानात असतंय.
रानात गेलं म्हणत न्हाई."

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं.
पाय बारीक, पांढरा, दुसऱ्याच कुणाचा वाटणारा.
कोठारात आता दोनशे बारा.
फोन तापतो, अडकतो,
जागा नाही, जागा नाही, म्हणत राहतो.
मी बटणावर बोट नेतो,
आणि भूक लागल्यासारखा उठून स्वयंपाकघरात जातो.

रानात जन्मलेली निघाली एकतीसपैकी चौदा गुणांची.
पळता येत नाही, जाळ ओला.
तिचं नाव मी बुगडीच ठेवलंय.

परवा स्वतःच्या पायांनी उतारापर्यंत गेलो.
खिशात नवं अंडं.
खरी बुगडी कळपातून बाजूला झाली,
माझ्यासमोर येऊन थांबली,
आणि नाडी बांधून घ्यायला
मान लांब केली.