ट्युडरच्या नावाचं पत्र

पत्र ट्युडरच्या नावानं आलं,
त्याला जाऊन सहा वर्षं झाल्यावर.
कंपनी लिहिते : मागच्या शॉकअबसॉर्बरचा दांडा
आतून तडकू शकतो. गाडी चालवू नका. बदलून देऊ, फुकट.

गाडी केव्हाच भंगारात गेली.
दांडा मात्र मी विकला,
लानबेरिसच्या जुन्या बाजारात, वीस पौंडांना,
घासूनपुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून.
घेणारा पोरगेला, कानांवर लोकरीची टोपी ओढलेला.
म्हणाला, "नव्यासारखाच आहे की!"
मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याचा हात फिरलाय त्यावर."
नाव विचारलं नाही.
दोन पौंड सोडले वर.

कंपनीला फोन केला. बाईनं गाडीचा नंबर मागितला.
"गाडी नाहीये," म्हटलं, "फक्त दांडा..."
तिच्या रकान्यात 'फक्त' बसत नव्हतं.

आता रविवारी
खिंडीतून मोटरसायकली चढतात.
पाटीच्या दगडाची खाण आहे तिथल्या वळणाशी
आवाज बुडतो.
हातात बटाटा, अर्धा सोललेला.
मी मोजते.
सातपर्यंत तो परत ऐकू यायला हवा.
पाच.
सहा.