सहा जणांचं ताट

होटगी रोडला टर्किश हॉटेल निघालं.
मी बावीस वर्षं टर्किशच शिवते आहे,
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, टॉवेलच्या कडा.
डझनाला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर तोच शब्द.
म्हटलं, पगार झालाय,
एकदा हा शब्द खाऊन बघावा.

रविवार होता. आत जागा नाही.
पोऱ्या म्हणाला, "मावशी, एकट्याच थांबलालाव का?
मोठ्या टेबलावर बसा की. तिथं पाच जण हायत,
तेबी एकमेकांचे कुणी नाहीत.
सहा जणांत एक ताट, स्वस्त पडतंय."

ताट दोघांनी धरून आणलं.
भाताचा ढीग, वर सळईवरून ओढलेले तुकडे,
कडेला फिकट लगदा, त्यात तेलाचं तळं.
"हे कशाचं?" लातूरच्या पोरानं विचारलं,
औषधांची बॅग मांडीवरच होती त्याच्या.
"चने का है," निलोफर म्हणाली, "चना, तिल. बाकी कुछ नई."

बिराजदार काका खुर्ची मागं सारून बसलेले,
गळ्यात लिंग, खिशात नातीनं दिलेलं कूपन.
कुणी काही बोललं नाही.
निलोफरनं रोट्या उभ्या करून ताटात बांध घातला,
काकांकडं वांगं, हरभरा, काकडी.
रस्सा तिकडं सरकला की
लातूरकर भात लावून थोपवायचा,
रात्रपाळीचं पाणी धरल्यासारखा.

मोहोळचं एक जोडपं भांडून आलेलं.
एकमेकांशी सोडून सगळ्यांशी बोलत होतं.
त्या बाईनंच माझं नाव विचारलं.
नरसव्वा यलदी, म्हटलं. तिनं दोनदा म्हणून बघितलं.

चव मला अळणी लागली.
लाजत लाजत पर्समधून शेंगाचटणीची पुडी काढली,
तर पुडी खाली टेकायच्या आत पाच हात.
मोहोळच्या बाईनं एक चिमूट
नवऱ्याच्या बाजूला टाकली,
तिकडं न बघता.

शेवटी गरम पाण्यात पिळलेले छोटे टॉवेल आले.
मी हात पुसायच्या आधी कड उलटली.
टाके लांब, कोपरा कच्चा, वजनाला हलका.
"आपला नाही. पानिपतचा असणार."
मग सगळ्यांनीच कडा उलटल्या,
काका तर चष्मा चढवून टाके मोजायला लागले.
"आणि आचारी कुठला रे?" लातूरकरानं विचारलं.
"बिदरचा," पोऱ्या म्हणाला, जरा खालच्या आवाजात.

बिल एकोणीसशे नव्वद.
प्रत्येकी तीनशे एकतीस, वर चार रुपये कमी पडतात.
चौघांनी एकदम पाचाचं नाणं टाकलं,
मोहोळच्या बाईनं दोन, एक त्याच्या वाटचं.
पोऱ्या मोजत बसला, हिशेब जुळेना.

नंबर कुणी कुणाचा घेतला नाही.
जिन्याखाली काका रिक्षाला हात करत होते,
निलोफर आसऱ्याकडं चालत निघाली.
मोहोळची दोघं एकाच गाडीवर,
मध्ये पर्स उभी ठेवून.