पाव फेरा

बोथ्नियाच्या आखाताला या दिवसांत काठ नसतो.
बर्फ कुठं संपतो, पाणी कुठं सुरू होतं,
ते फक्त बर्फ फोडणाऱ्या जहाजांना माहीत.
लगद्याच्या कारखान्यात रात्रपाळी.
पडद्यावर एकशे सत्तेचाळीसची रेघ
करवतीच्या दात्यांसारखी वर, खाली, वर,
आज अठरावा दिवस.

वेटीनं, नव्या इंजिनियरनं, आकडे सहा वेळा बदलले.
कधी कंट्रोलरला म्हणाला घाई कर,
कधी म्हणाला दमानं घे.
रेघ दात विचकत राहिली.
मग त्यानं लूप मॅन्युअलवर घेतला
आणि खुर्ची ओढून बसला,
तापलेल्या पोराच्या उशाशी बसावं तसा.

इर्या केत्तुनेन टॉर्च घेऊन खाली उतरली.
तळमजल्यावर उकडलेल्या कोबीचा वास,
गावात याला पैशांचा वास म्हणतात,
आणि खिडक्या लावून घेतात.

"ऑटोवर टाक," ती वॉकीटॉकीत म्हणाली, "मला बघू दे."

वरून हुकूम आला: बावन्न टक्के.
झडप ढिम्म.
त्रेपन्न. ढिम्म.
चोपन्न, पंचावन्न,
डायफ्रॅमखाली हवा फुगते आहे,
स्प्रिंग अंग चोरते आहे,
दांडा मात्र तिथंच,
जसं काही कानावरच आलं नाही.
आणि मग एकदम
झडपेनं झडप घातली:
एकोणसाठ!
तोवर वरून ओरडा सुरू: कमी कर, कमी कर.
पुन्हा ढिम्म.

हातमोजा काढून
तिनं दांड्यावर दोन बोटं टेकवली.
थरथरत होता. सरकत नव्हता.
आकड्यांचा यात काय दोष,
इथं कुणीतरी गळा आवळलाय.

कुणी, ते शोधायला नोंदवही उघडायची गरज नव्हती.
तरी तिनं उघडली.
ऑक्टोबर, तिचंच अक्षर:
"१४७. पॅकिंगमधून गळती. नट आवळले.
आता एक थेंबही नाही."
शेवटचा टिंब इतका दाबलेला
की मागच्या पानावर फोड आलाय.

त्याच आठवड्यात तिनं ताइस्तोची होडी विकली होती.
जाळी, वल्ही, त्याचे रबरी बूट, सगळं एकाच गिऱ्हाइकाला.
लोक विचारत, कशी आहेस?
ठीक.
कॉफी घेणार?
झाली.
सगळा हिवाळा असा कोरडा गेला, एक थेंबही नाही.
आणि गेल्या रविवारी भावजयीकडे
एका कपाचा कान तुटल्यावरून
ती असं काही ओरडली
की कुत्रं टेबलाखाली गेलं
आणि पिर्को नुसतीच
तो कान हातात धरून उभी राहिली.

म्हातारा सुलो शिकवताना म्हणायचा,
पाना हातात आला की माणसाला वाटतं
आणखी थोडं, आणखी थोडं.
तिथंच थांबायचं, पोरी.
तेव्हा ती एकोणीसची होती,
तिला वाटलं हा नटांबद्दल बोलतोय.
नटांबद्दलच बोलत असणार.
सुलो दुसऱ्या कशाबद्दल कधी बोललाच नाही.

तिनं पाना लावला.
डावा नट पाव फेरा सैल.
उजवा पाव फेरा.
पुन्हा डावा, केसभर.
ग्रॅफाइट कुरकुरलं
आणि दांडा सरकला. उडी नाही, धडक नाही,
शेजारी बाकावर थोडं सरकून जागा देतो, तसा.

बावन्न मागितले, बावन्न दिले.
त्रेपन्न मागितले, त्रेपन्न.

"काय केलंस?" वरून वेटी. "रेघ झोपली!"

इर्या उत्तर द्यायची राहिली.
दांड्याच्या मुळाशी काळ्या मद्याचा एक थेंब
मधासारखा दाटून येत होता.
तिनं चिंधीनं पुसला.
बऱ्याच वेळानं दुसरा आला.
हा तिनं पुसला नाही.
टॉर्चच्या उजेडात त्याचं फुगणं बघत
ती उकिडवी बसून राहिली,
बोटं गार पडेपर्यंत.

मग वहीत लिहिलं:
"१४७. नट पाव फेरा सैल केले.
थोडं पाझरतंय.
असू दे."