शेऱ्याचा रकाना

पेटी आली दिवाळीच्या सुटीनंतर,
खानापूरहून, दुपारच्या जांबोटी बसने.
आत यादी, कानडीत. शेजारी पेन्सिलीने मी मराठी उतरवली:
भिंगं चार, त्यांतल्या एकाला चरा.
तराजू एक. मापं नाहीत.
लोहचुंबक यादीत दोन, पेटीत एकही नाही.
प्रश्नांची कार्डं चाळीस.
आणि शिक्षकांसाठी पुस्तिका, तिच्या चौथ्या पानावर
ठळक अक्षरात: उत्तर सांगू नका.

बावीस वर्षं मी उत्तरंच सांगत आलेय.
त्याचाच पगार घेतलाय.

चुंबक दस्तगीरमामांनी दिलं,
मोडक्या स्पीकरच्या पाठीतून उचकटून.
"पोरं बोटं चिमटून घेतील बघा बाई," म्हणाले,
आणि पैसे घेतले नाहीत.

परशराम ते घेऊन अख्खी मधली सुटी फिरला.
खिळे, बिजागरी, खिडकीचा गज,
पितळी घंटा. घंटेला चिकटेना, तिथं एक भांडण.
मग सुतळी बांधून मातीतून ओढत नेलं
आणि चुंबकाला मिशा फुटल्या.

"बाई, मातीत लोखंड हाय?"
जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं.
मनात दहापर्यंत मोजलं,
पुस्तिकेत तीनच सांगितलेत.
"तुला काय वाटतंय?"
"मला काय वाटतंय म्हणजे? बाई तुम्ही की!"

रेणुका कुंभार कमी बोलते.
दुसऱ्या दिवशी तिनं दोन पुड्या आणल्या.
एकीत चाकावरची कच्ची माती, वाळवून कुटलेली.
दुसरीत तीच माती, आव्यातून निघालेली,
फुटक्या कौलाची पूड.
कच्चीला काही नाही. थोडंसं. नाहीसारखंच.
भाजलेली मात्र उडून आली,
चुंबकाच्या कडेला लाल, बारीक झालर.

वर्ग गप्प. मीही गप्प.
पण हे गप्प बसणं आता चौथ्या पानावरचं नव्हतं.
मला खरंच ठाऊक नव्हतं.

कार्डावर रकाने होते:
काय वाटतं, कसं बघू, काय दिसलं, आता काय वाटतं.
भरमूनं लिहिलं, आव्यात माती लोखंड खाते.
सानियानं लिहिलं, लोखंड आधीपासून होतं, झोपलं होतं.
परशरामानं चारही रकान्यांत मिळून लिहिलं,
रेणुकाच्या बाबांना विचारणे.
विचारलं. ते हात पुसत म्हणाले,
"तीस वर्षं भाजतोय. चुंबक लावून कोण बघतंय?"

मग चुलीखालची माती आली.
होळी पेटते त्या चौकातली आली.
नदीकाठची काळी वाळू, डब्यातून, सांडत.
पलीकडच्या कानडी शाळेतली एक मुलगी
दोन दिवस कुंपणावरून बघत होती.
"याक?" तिनं विचारलं.
"तेच तर," परशराम म्हणाला, "का, तेच बघायलोय."
तिला एक भिंग दिलं, चऱ्याचं नाही, चांगलं.
सोमवारी ती मामाच्या गुऱ्हाळातली माती घेऊन आली,
पुडीवर गावाचं नाव कानडीत.
रेणुकानं ते तसंच ठेवलं. खाली मराठी लिहिलं नाही.

साहेब आले तेव्हा टेबलावर सतरा पुड्या.
"कितवा पाठ चाललाय?"
मी पुस्तक शोधू लागले. ते पुड्यांच्या खाली होतं.
"उत्तर मिळालं का पण?"
रेणुका उठून उभी राहिली.
"अजून नाही, सर. किती तापलं की होतं
ते बघायचं राहिलंय. बाबा रविवारी आवा लावणार आहेत."
साहेबांनी चुंबक उचललं,
एका पुडीवर धरलं, मग दुसऱ्या,
मग त्यांची चहाची वेळ टळली.

यादी सही करून परत पाठवायची आहे.
शेऱ्याच्या रकान्यात मी आधी लिहिलं होतं,
चुंबके प्राप्त झाली नाहीत. ते खोडलं.
आता इतकंच लिहिलंय:
तराजूची मापं कृपया रविवारच्या आत पाठवावीत.
भाजण्याआधी आणि भाजल्यावर
मुलांना माती तोलायची आहे.
मलाही.