घेर

आंजर्ल्यात रायवळ आंब्याला
इब्राहिम मुकादम टेप गुंडाळतो.
अकरा फूट चार इंच.
पेट्यांना पुरेल, म्हणतो.

वर काकणाचं घरटं, बैलगाडीच्या चाकाएवढं;
खाली पाचोळ्यात समुद्रसापांचे मणके,
तुटलेल्या माळेचे मणी.
यंदा सापांपेक्षा
निळं नायलॉनच जास्त.

"पिल्लू उडालं की तोडू.
कधी उडेल, मॅडम?"

वही माझ्याकडे. गेल्या तीन सालांची पानं:
एक, एक, मग एकही नाही.
मी लिहिते: पिल्लू एक, वय सहा आठवडे.
खोडते.
चार.
तो बघतो मी खोडताना. टेप मिटवतो,
बोलत नाही.

वरून काहीतरी पडतं, दोघंही वाकतो:
अर्धा शिंगाळा, तोंडात अजून गळ.
इब्राहिम गळ सोडवतो,
खिशात ठेवतो.