भोकाचा बर्फ

ऋजुता, लिहून घेऊ नकोस, नुसतं ऐक,
आणि पोहे गार व्हायच्या आत खा.
शेव मऊ पडली की त्यात राम नाही.

तर बाली.
एकतीस वर्षं मी या इंदूरचं पाणी तपासलं,
काचेच्या नळीत नर्मदा धरून उजेडाकडे पाहिली,
क्लोरीन किती, जंतू किती, सही, तारीख.
पासपोर्ट काढला तो एकसष्टाव्या वर्षी,
लोकमान्यनगरच्या भिशीतल्या तिघींबरोबर निघाले
आणि बॅगेत साड्यांपेक्षा ओआरएसची पाकिटं जास्त.
तिघीही हसल्या. हसू देत.

तिथे बर्फ दोन जातींचा.
नळकांड्यासारखा, मधे आरपार भोक, तो कारखान्यातला.
टॅक्सीवाला म्हणाला, तो चालतो.
लादी फोडलेला, वेडावाकडा, त्याला हात जोडायचे.
लोकांनी देवळं पाहिली,
मी प्रत्येक ग्लासात भोक शोधत बसले.

दातसुद्धा बाटलीच्या पाण्याने घास.
वारुंगमध्ये जेव, म्हणजे आपली खानावळच,
एक बाकडं आणि काचेचं कपाट. पण दुपारी जा.
कपाटातलं सगळं सकाळी रांधलेलं,
बाराला ते ताजं असतं, सहाला त्याचं वय झालेलं.
लावार विचारून घे. खोबरं, शेंगा, दिसायला आपली भाजी,
पण कधी कधी त्यात कच्चं रक्त कालवतात.
आणि तुझं ते दाण्याचं त्यांच्या भाषेत कागदावर लिहून ने,
सातेच्या चटणीत दाणेच दाणे.
"थोडेसेच आहेत" हे तुझ्या घशाला कळत नाही.

उबुदच्या बाहेर कोमांग नावाची बाई होती.
आम्हाला वाढण्याआधी तिने केळीच्या पानाचे तुकडे घेतले,
एकेकावर चार शितं, चिमूट मीठ,
एक चुलीपाशी, एक रांजणापाशी, एक उंबऱ्याबाहेर.
बाबांच्या ताटाभोवती चित्राहुती असायच्या, तशा.
मुंग्या तिथेही लगेच आल्या.

मग तिने वाटी पुढे सरकवली,
कच्चा कांदा, मिरची, गवती चहाचे बारीक काप, लिंबू.
मी हात आखडला. कुठल्या पाण्याने धुतलंय?
भाषा नव्हती, म्हणून नळ सोडल्याची खूण केली.
ती माझ्याकडे पाहत राहिली. मग उठली,
खोबरेल तापवलं, धूर निघेस्तोवर,
आणि माझ्यादेखत वाटीवर ओतलं.
चर्र झालं.
अगं, वरून फोडणी! कोशिंबिरीवर घालतो तशी!
तेवढ्याने जंतू मरतात का? खात्री नाही.
मी त्या रिपोर्टवर सही केली नसती.
पण खाल्लं. दोनदा मागून घेतलं.

अकरा दिवस पोटाने हूं की चूं केलं नाही.
इंदूरला उतरले त्याच रात्री
तुझा भाऊ म्हणाला, आत्या, सराफ्यात चल.
भुट्ट्याचा कीस वाफाळता होता, त्याचं काही नाही.
नंतर बर्फाचा गोळा, कालाखट्टा.
लादी माझ्यासमोर गोणपाटातून निघाली,
माझ्यासमोर किसली,
आणि एकतीस वर्षं नळ्या हलवणारी मी
नुसती जीभ जांभळी करत उभी.
घरच्या बर्फाला कोण भोक विचारतं?

तीन दिवस आडवी होते.
बालीला नेलेली पाकिटं बालीहून परत आली
आणि इथे पलंगाशेजारी फुटली.
तिघी भेटायला आल्या, शहाळं घेऊन.
या वेळी हसल्या नाहीत. मला ते जास्त लागलं.

दोन पाकिटं उरलीत, तू ने.
तारीख पाहिलीय, मार्चपर्यंत चालतील.
आणि ही जीरावनची पुडी, कोमांगसाठी.
रस्त्यावर पिवळी पाटी आहे, शेजारी पंक्चरवाला,
नाही सापडली तर भातावर घालून तूच खा.
सापडली, आणि तिने पुडी हुंगून
हवेतच नळ सोडल्यासारखं केलं,
तर गोंधळू नकोस.
ती माझी थट्टा करतेय.